खर्र आधी की टक् आधी?

आमच्या रस्त्याचा चढ जिथे संपतो आणि सपाटी लागते, तिथे कानमास्तरांचे गॅरेज आहे. जागा त्यांनी मुद्दाम निवडलेली. चढ संपला की प्रत्येक गाडीला गिअर बदलावा लागतो, आणि मास्तरांचे म्हणणे असे, की उभी गाडी खोटे बोलेल, धावती गाडीही बोलेल, पण गिअर बदलताना तिला खोटे बोलायला सवड नसते. त्या एका क्षणासाठी मास्तरांचे सारे आयुष्य कान देऊन बसलेले होते. हातातला पाना सोडून ते मान तिरकी करीत आणि वर न बघताच सांगत, "बेकरीवाल्याची व्हॅन. हिला तेल हवंय."

त्यांच्याकडे दोन नियम होते. पहिला असा, की गिऱ्हाइकाने गाडीचा आवाज स्वतःच्या तोंडाने काढून दाखवल्याशिवाय बॉनेट उघडायचे नाही. भले भले लोक त्या दारात उभे राहून कुईं करीत, गुरगुरत, टणाटण वाजत. एका गलेलठ्ठ धान्यवाल्याने असा काही सूर लावला होता, की समोरच्या आळीतली कुत्री चौकशीला आली. मास्तरांची बायको पायरीवर शेंगा सोलत बसलेली असे. ती म्हणाली, "अहो, गाडीचं राहू द्या, आधी त्यांना पाणी द्या."

दुसरा नियम त्यांच्या पायांचा. तळवे कायम तेलकट, म्हणून दुसऱ्याच्या गाडीत बसण्याआधी ते पायाखालचे अंथरूण काढीत, झटकीत आणि बाकावर घडी घालून ठेवीत. काम झाले की पुन्हा जागच्या जागी. कोणाच्या गाडीत आपला काळा पाय उमटू द्यायचा नाही, हा त्यांचा बाणा.

एका दुपारी चढावरून एक जुनी आकाशी गाडी आली. चालवत होत्या शिलाईवाल्या ताई. शेजारी त्यांचा मुलगा, खिडकीवरची मूठ दोन्ही हातांनी धरून.

"हं ताई, काढा आवाज," मास्तर म्हणाले.

"मी?"

"मग काय मी? गाडी तुमची आजारी."

मुलगा पुटपुटला, "आई, लोक बघताहेत."

"बघू देत. मापं घेताना मी लोकांना हात वर करून उभं करते, तेव्हा ते लाजतात का?" ताईंनी गळ्यातली टेप सारखी केली, श्वास घेतला आणि म्हणाल्या, "खर्रर्र... टक्."

"खर्र आधी की टक् आधी?"

"खर्र आधी. टक् नंतर, दांडा बसतो तेव्हाचं. पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. आणि गाडी मागे घ्यायची असली तर विचारूच नका, सगळी गल्ली जागी होते."

मास्तरांनी तोच आवाज आपल्या तोंडात घोळवून पाहिला, जसा कोणी आंबट-गोड काही चाखून पाहावे. "गुणगुण नाही, म्हणजे बेअरिंग नाही. दणका नाही, म्हणजे गिअरबॉक्सचं रबर शाबूत. नुसतं खर्र म्हणजे क्लच पुरता सुटत नाही. गिअरची दातेरी चाकं अजून दातात दात घालून फिरताहेत आणि आपण त्यांना ओढून वेगळं करतोय."

"काका, तुम्ही उगाच डोकं शिणवू नका," मुलगा म्हणाला. "रविवारी एक जण गाडी बघायला येतोय. विकून टाकतोय. आईला गिअर जमत नाहीत, बाकी काही नाही. उद्या कुठे अडकली, आपटली, तर?"

पोटात भीती होती त्याच्या, वाकडेपणा नव्हता. ताईंनाही ते कळत होते. त्या मास्तरांकडे बघून म्हणाल्या, "हा मला हवं तिथे सोडेन म्हणतो. सोडेलही, गुणी आहे. पण त्याला वेळ असेल तेव्हा. केस पांढरे झाल्यावर मी गाडी शिकले, मास्तर. शिवलेले कपडे मळ्यामळ्यात पोचवते, मनात आलं की नदीपलीकडे बहिणीकडे जाते. गाडी गेली, की मी पुन्हा दुसऱ्याच्या सवडीची होणार."

मास्तर गाडीकडे वळले. अंथरूण काढले, झटकले, बाकावर ठेवले आणि गाडी घेऊन गेले. चढ उतरले, चढ चढले. गाडी लोण्यासारखी चालली. त्यांनी क्लचची तार तपासली, लांब पेचकसाचे टोक गिअरबॉक्सला आणि मूठ कानाला लावून ऐकले. काही नाही.

"आता तुम्ही चालवा, ताई. मी शेजारी बसतो."

ताईंनी चालवली, आणि गाडी त्यांच्या हातीही तशीच निमूट चालली. ताईंचा चेहरा उतरला. "घरी हीच माझ्यावर ओरडते हो! इथे बघा कशी सासरी आल्यासारखी वागतेय."

"आई, सोबत जाणकार माणूस असलं की तू नीट चालवतेस," मुलगा हळूच म्हणाला. "एकटी असलीस की गडबडतेस."

"गाडीत दोष नाही, ताई," मास्तरांनी सांगितले. हे वाक्य त्यांना जड गेले. बाकावरचे अंथरूण त्यांनी कोपऱ्याला कोपरा जुळवून पुन्हा गाडीत घातले. माय-लेक निघाले. मास्तरांनी पाण्याचे भांडे तोंडाला लावले.

"खर्रर्र... टक्!"

पाणी मिशीवर सांडले. बायको शेंगा टाकून उठली. "अहो, हा तर ताईंच्या तोंडचाच आवाज!"

मास्तर बाकाकडे बघत राहिले. बाक रिकामा होता. तळहाताला झटकलेल्या धुळीबरोबर रंगीत दोरे चिकटले होते. मग आमच्या रस्त्याने कधी न पाहिलेले दृश्य पाहिले: मास्तर एक चप्पल पायात, एक मागे टाकून, गाडीमागे धावताहेत आणि ओरडताहेत, "ताई! थांबा! गिअर बदलू नका, नुसत्या थांबा!"

गाडी थांबली. मास्तर दार उघडून गुडघ्यांवर बसले आणि हाताने क्लच दाबला. पेडल खाली जाता जाता त्या जाड अंथरुणावर अडकले. "हे बघा. तळ गाठतच नाही. क्लच अर्धवट सुटतो म्हणून दात घासतात. हे काय घातलंय?"

"मी शिवलंय ते," ताई जरा ताठ्याने म्हणाल्या. "प्रत्येक कपड्याची एकेक चिंधी आहे त्यात. उबेला दुहेरी केलंय."

"आणि मी दर वेळी ते काढून बसलो!" मास्तरांनी कपाळाला हात लावला, तिथे काळे बोट उमटले. "ताई, माझ्या सभ्यपणापायी तुमची गाडी विकली गेली असती."

मागून बायको चप्पल घेऊन पोचली होती. "घरात येताना कधी पाय पुसले नाहीत, आणि लोकांच्या गाडीत हे नखरे!"

ताई पिशवीतून कात्री काढत होत्या. मुलगा म्हणाला, "आई, हे कापू नकोस. मी दुसरं आणतो, पातळ."

"गप रे. माप चुकलं की कात्री लावायची, त्यात काय?" पेडलखाली येणारा भाग त्यांनी अर्धचंद्रासारखा सफाईने कापून काढला.

मग त्या चढाच्या पायथ्यापर्यंत गेल्या आणि वर आल्या. चढ संपला, त्यांचा हात दांड्यावर गेला. मास्तर डोळे मिटून उभे होते. ऐकायला काहीच आले नाही, आणि त्या काहीच नसण्याने त्यांचा चेहरा उजळला. मुलाचे दोन्ही हात मुठीवरून सुटले होते. एका हातात फोन होता. गाडी समोरून गेली तेव्हा आम्हाला एवढेच ऐकू आले, "नाही हो, रविवारी नका येऊ. मालकीण गाडी देत नाही."

त्यानंतर ताई कपडे घेऊन निघाल्या, की गॅरेजसमोर मुद्दाम गिअर बदलतात. त्या अर्धचंद्राला आणखी चिंध्या जोडून त्यांनी मास्तरांच्या पायांसाठी दोन पिशव्या शिवून दिल्या, फुलाफुलांच्या, घोट्यापाशी नाडीच्या. आता मास्तर कोणाच्याही गाडीतले काही हलवत नाहीत. पायांत फुले बांधून आहे तशा गाडीत बसतात. धान्यवाला एकदा ते बघून हसला. मास्तरांनी नाडी आवळली आणि म्हणाले, "हसून झालं असेल, तर आवाज काढा."