शंका आली तर परत बांधायचं

“रोज घालतो जी,” या वाक्यावर माझा काडीचाही विश्वास नाही. नागपुरात दुखावलेल्या हातांना स्प्लिंट करून देण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि या वर्षांत मी माणसांपेक्षा स्प्लिंटच्या पट्ट्यांची उलटतपासणी जास्त केली. खरोखर वापरलेली पट्टी पंधरा दिवसांत मळते, तिचे धागे निघतात, तिला घामाचा वास येतो. कोरी पट्टी दिसली की समजायचं, स्प्लिंट फ्रिजवर पडून होता.

तो नरखेडकडचा, संत्र्याची कलमं बांधणारा. मोटारसायकल स्टँडवर घेताना उजव्या तर्जनीला मार बसला आणि बोटाचं टोक लोंबायला लागलं. मी त्याला बोटावर पट्टीनं बसणारी प्लॅस्टिकची टोपी करून दिली आणि बजावलं, सहा आठवडे हे टोक एकदाही वाकता कामा नये. धुवायला टोपी काढली तरी बोट टेबलावर सपाट. एकदा जरी वाकलं तरी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून.

तेच बोट जंबेरी लिंबाच्या रोपाच्या सालीखाली संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, अलगद सरकवतं. टोक लोंबतंच राहिलं तर त्याची कला संपली. पण कलमांचा हंगाम थंडीतला, आणि टोपी चढली ती ऐन थंडीत. हा काढणारच, हे मी त्याच दिवशी मनात पक्कं केलं.

पाचव्या आठवड्यात तो आला. पट्टी पांढरीशुभ्र, आणि डाव्या हाताच्या नखांत सालीचा हिरवा मळ. चोर सापडला, असं मला वाटलं आणि बरंही वाटलं.

“कलमं बांधता ना?”

“मी नाही जी. मी डाव्या हातानं फक्त रोप धरतो.”

“मग बांधतं कोण?”

“घरची. शिकून राहिली.”

मला हसू आलं. अडचणीत सापडलेले पुरुष पेशंट घरचीला हमखास पुढे करतात. मी त्याच्या कागदावर पुन्हा ‘आठवडा पहिला’ लिहिलं. आठवड्याभरात सुटला असता तर हंगामाचं शेपूट तरी त्याच्या हाती लागलं असतं. त्यानं कागद वाचला, बोटाकडे पाहिलं आणि “बरं,” म्हणून एसटी गाठायला निघून गेला. भांडला नाही, म्हणजे कबूल आहे, असा मी अर्थ काढला.

सहा आठवड्यांनी तो बायकोला घेऊन आला. टोपी काढली, बोट सरळ. टोक वाकवून पुन्हा उचलायला सांगितलं, तेही जमलं. मी म्हटलं, “या वेळी घातली ना खरोखर?”

उत्तर बायकोनं दिलं. “तवाबी घातलीच होती जी.” तिनं पिशवीतून कलमाला गुंडाळतात ती प्लॅस्टिकची पट्टी काढली. “टोपी खराब होऊ नये म्हणून रोज सकाळी मी हे वरून गुंडाळून देत होती. दवाखान्यात यायचं तवा सोडून टाको.”

माझे कान तापले. मी त्याला विचारलं, “मग त्या दिवशी बोलला काहून नाही?”

“तुमाले शंका आली ना,” तो म्हणाला. “कलमाच्या डोळ्याले धक्का लागला का नाही, अशी शंका आली तर आमी सोडून पाहत नाही. हवा शिरते. परत बांधाचं अन् दिवस परत मोजाचे.”

“आणि हंगाम?”

“गेला,” बायको म्हणाली. “माह्यानं याइच्या निम्मी कलमंबी होत नाही.”

माझी चूक झाली, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण त्याआधी, मेली सवय, माझी नजर तिच्या अंगठ्याकडे गेलीच. त्यावर नवशिक्याच्या चाकूच्या बारीक खुणा होत्या, काही भरून आलेल्या, एक अजून लाल.

तिला माझी नजर कळली. तिनं हात टेबलावर सपाट ठेवला, मी पेशंटना ठेवायला सांगते तसा.