आमच्या घरातले ‘ते’

मी इलेक्ट्रिशियन माणूस. दिवा लागला नाही की वायर बघायची, फ्यूज बघायचा, नवस बोलायचा नाही, एवढंच मला कळतं. गावाकडं, करमाडला, अंगात आलेल्या एका बाईला लहानपणी मी टाचणी टोचून बघितलं होतं आणि त्यापायी सपाटून मारही खाल्ला होता. त्यामुळं अशा गूढ अनुभवांच्या सदरात आपण कधी काही लिहू असं वाटलं नव्हतं. पण आता रिटायर झालोय, आणि बायकोच म्हणाली, “लिहा की, त्यात काय.” म्हणून लिहितोय. भूत शोधत वाचाल तर निराश व्हाल. भरदुपारची गोष्ट आहे.

तेव्हा आम्ही बेगमपुऱ्यात राहायचो, पाणचक्कीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. शहराला तेव्हा औरंगाबादच म्हणायचे. दोन खोल्या, मागं एक अंधारी कोठीची खोली आणि पुढं ओटा. भिंतीला भिंत लागून हमीदा खालांचं घर. मी वाळूजला एका कंपनीत मेंटेनन्सला होतो. फर्स्ट शिफ्ट असली की दुपारी कंपनीची बस सोडायची.

माझी बायको मंगल, माहेर बिडकीनचं. आली तेव्हा लई बोलकी होती. पण दुसऱ्यांदाही दिवस गेले आणि टिकलं नाही, तेव्हापासून तिचं बोलणं आटलं. जेवण आटलं. माहेरी ठेवली काही दिवस. परत आली ती एक काळी घोंगडी घेऊन. गावातल्या कुणी माई होत्या, त्यांनी तिला डोळे मिटून ‘बसायला’ शिकवलं होतं. कोठीची खोली तिनं रिकामी केली, धुतली आणि तिथं घोंगडी अंथरली. फोटो नाही, मूर्ती नाही, साधी उदबत्तीसुद्धा नाही. समोर नुसती कोरी भिंत. फोटो असता तर निदान कुणासमोर बसते ते तरी कळलं असतं…

सुरुवातीला मला बरंच वाटलं. बाई दोन घास खायला लागली. मग एक दिवस कामावरून आलो तर त्या खोलीचं दार अर्धवट उघडं. ती डोळे मिटून बसलेली आणि चेहरा असा, की मी दारातच थबकलो. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी शिफ्टवरून यायचो तेव्हा ती ओट्यावर उभी असायची, तेव्हा तिचा चेहरा व्हायचा तसा… नाही, खोटं कशाला लिहू. माझ्यासाठी तो तसा कधीच झाला नव्हता.

जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “आत कोण असतं गं?”

“कोण असणार? मी असते. अन् ते असतात.”

आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत हे तुम्हाला माहीत आहेच. ‘ते कामावर गेलेत’, ‘ते आले की विचारते’. सगळ्या गल्लीत ‘ते’ म्हणजे मी! आता घरात ‘ते’ दोन झाले. खालांशी बोलताना ती म्हणायची, “आज ते लई उशिरा आले,” आणि मी आतल्या खोलीत हिशोब करत बसायचो — मी तर आज वेळेवर आलो होतो.

हसू नका. 

दर गुरुवारी दुपारी तिच्यासारख्याच बसणाऱ्या तीन-चार बायका यायच्या. साध्या घरच्या, एक तर करमाडच्या माझ्या ओळखीतली. पण त्या खोलीत शिरल्या की मला त्यांची भीती वाटायला लागायची. सगळ्यांचा श्वास एकदम आत, एकदम बाहेर. एका गुरुवारी मी दाराजवळ मुद्दाम पाण्याची घागर पाडली. स्टीलची भरलेली घागर, फरशीवर… पलीकडून खाला ‘या अल्लाह!’ म्हणून ओरडल्या. या बायकांची पापणीसुद्धा हलली नाही. त्यातली एक माझी बायको होती. मी उघड्या वायरशी खेळणारा माणूस, पण त्या दिवशी मी सरळ ओट्यावर जाऊन बसलो.

थोड्या वेळानं खाला बाहेर आल्या. पांढऱ्या ओढणीतल्या, पाच वेळची नमाज न चुकवणाऱ्या, एकट्या बाई.

“काय को बाहर बैठे भाई?”

मी म्हटलं, “खाला, मेरे को ये लोगों का डर लगता.”

त्या हसल्या. “मेरे मियाँ बी येइच बोलते थे. मैं नमाज के मुसल्ले पे बैठी तो पूछते, तू जाती कहाँ गे?”

“फिर?”

“फिर क्या, आदत हो गई उनकू.” मग आत जाता जाता म्हणाल्या, “डर नै गया.”

आता मुख्य गोष्ट. साप्ताहिक सुट्टी होती, दुपार. मी मधल्या खोलीत टेबलफॅन खोलून बसलो होतो. आत मंगल. दार लोटलेलं. आणि आतून तिचं बोलणं ऐकू आलं… हळू, थांबून थांबून. समोरच्याचं ऐकून घेत बोलतात तसं. मधेच ती हसली. माझ्या घरात ती कित्येक महिन्यांत हसली नव्हती! डोकं असं तापलं की मी ठरवलं, आज सोक्षमोक्ष. बाहेर आली की विचारायचं, ते का मी?

दार उघडलं. पदरानं तोंड पुसत ती बाहेर आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली,

“हुर्ड्या, जेवला का रं?”

मला आयुष्यात कधी ‘अरे’ न म्हटलेली बाई. माझ्या हातातला स्क्रू कुठं गेला तो अजून सापडला नाही. ती मात्र लगेच नेहमीसारखी — “पंखा झाला नाय व्हय अजून?”

“मंगल, आत्ता काय म्हणालीस?”

“त्यांनी आत विचारलं, तसंच तोंडातून गेलं.” मग माझ्याकडं बघून विचारलं, “हुर्ड्या कोण हो?”

हुर्ड्या मी. माझा जन्म हुरड्याच्या दिवसांतला, म्हणून माझी आई मला झोपवताना कानात ‘हुर्ड्या’ म्हणायची. फक्त झोपवताना. मी लहान असतानाच ती गेली आणि ते नावही तिच्याबरोबर गेलं. इतकं गेलं की मी स्वतः विसरलो होतो. मंगल बोलली तेव्हा मला आठवलं.

त्यानंतर मी फॉल्ट शोधावा तसा शोध घेतला. आधी वाटलं, आपण झोपेत बडबडत असू. मंगल म्हणाली, “तुम्ही घोरता. बोलत नाय.” मग करमाडला जाऊन मोठ्या आत्याला गाठलं. आईला ओळखणारं तेवढंच एक माणूस उरलं होतं.

“हुर्ड्या?” आत्या विचार करून म्हणाली, “असं कोणी नव्हतं रं आपल्यात. तुझी माय तर तुला चांगलं नावानं हाक मारायची.”

म्हणजे ते नाव माहीत असलेलं जिवंत माणूस तोवर कोणीच नव्हतं. मला धरून.

वाटेल की एवढं झाल्यावर मी हात जोडले असतील. उलट झालं. आतापर्यंत बायकोच्या ‘त्यां’च्यावर जळत होतो, आता बायकोवरही जळायला लागलो. आई माझी. तिचं काही सांगणं असलंच, तर ते माझ्याकडं यायला नको? या बिडकीनच्या पोरीनं तिला बघितलंसुद्धा नाही, आणि हिला ऐकू येतं?

मंगल औरंगपुऱ्यात भाजी आणायला गेली की मी त्या घोंगडीवर बसून बघायचो. डोळे मिटून. एकदा तर चक्क ‘आई’ म्हणून हाक मारली, चाळिशीच्या माणसानं. भिंतीपलीकडं खालांची शेळी ओरडली, बस्स. मच्छर चावले.

मग माझे टोमणे सुरू झाले. “काय म्हणतात आज तुमचे साहेब?” “आमचा नमस्कार सांगा.”  एक दिवस आलो तर घोंगडी घडी घालून पत्र्याच्या पेटीवर ठेवलेली.

“काय झालं?”

“बंद केलं.”

मी मनात म्हटलं, जिंकलो. आठवडाभर टिकलं ते जिंकणं. ती पुन्हा पहिल्यासारखी झाली. तांदूळ निवडायला घेतले की ताटात नुसता हात ठेवून बसायची. बोलावलं तर उठायची, वाढायची, पण घरात नसल्यासारखी. मला कळलं की मी हिला तिकडून ओढून आणलंय, पण माझ्याकडं काही ती आलेली नाही.

शेवटी एका दुपारी मीच घोंगडी झटकली आणि कोठीच्या खोलीत अंथरली. म्हटलं, “जा, बस.”

“तुम्हाला राग येतो.”

“येऊ दे.”

ती उंबऱ्यावर थांबली. “तुम्हाला माझं भ्याव वाटतं ना?”

“वाटतं.”

“मलाबी वाटतं. बाहेर आल्यावर. आत असताना नाय वाटत.”

“मग कशाला बसतेस?”

“तुम्ही रोज करंटच्या तारेला हात लावता, भ्याव वाटत नाय?”

“मी आधी मेन स्विच बंद करतो.”

तेव्हा ती हसली. खोलीच्या बाहेर, माझ्यासमोर. म्हणाली, “माझ्याकडं स्विच नाय,” आणि आत गेली.

ते नाव तिनं पुन्हा कधी घेतलं नाही. ‘विचार ना एकदा’ म्हणून मी मागंही लागलो. तिचं एकच उत्तर, “मागायला बसलं की कोणी येत नाय.” तुमच्यातले डॉक्टर, मानसशास्त्र शिकलेले लोक काही सांगतीलच. सांगा, मला ऐकायचंय. मी सगळं सर्किट तपासलंय, नाव कुठून आलं ते मला आजही माहीत नाही.

आता आम्ही सिडकोत राहतो. ती अजून बसते. भूत असतं तर कुणाला बोलावून बाहेर काढलं असतं, माणूस असता तर भांडून मोकळा झालो असतो. परवा ती बाहेर आली तेव्हा सवयीनं विचारलं, “काय म्हणाले?”

“विचारत होते, तुम्ही का येत नाय.”

“मग काय सांगितलंस?”

“सांगितलं, ते जळतात तुमच्यावर.”

“मग?”

“हसले.”

म्हणजे नक्की कोण हसलं, तिचे ‘ते’ का माझी आई, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.