समितीची हरकत नाही

आमच्या स्टेशनाच्या प्रवासी सल्लागार समितीवर माझी नेमणूक झाली, तेव्हा त्याचं ओळखपत्र मी घरात बायकोला दाखवलं आणि गावात कुणालाच नाही. लोकांना कळलं असतं तर सणासुदीला रिझर्वेशनसाठी दुकानासमोर रांग लागली असती. माझं वह्या-पुस्तकांचं दुकान, तिथं आधीच जागा कमी. बाकीच्या सदस्यांनीही हेच केलं. स्टेशनावर आमच्या नावांचा फलक लावायचं ठरलं होतं, तो लागला नाही आणि आम्हीही मागितला नाही. आम्ही प्रवाशांचे प्रतिनिधी आणि प्रवाशांनाच आमचा पत्ता नाही, यात तेव्हा मला काही वावगं वाटलं नाही.

बाईला मात्र मी सांगितलं. बाई म्हणजे माझी थोरली बहीण. आमच्या गावापासून पुढे जंगल लागतं, त्या जंगलातल्या एका खेड्यात तिचं घर आणि धानाची शेती. रेल्वेचा रूळ तिच्या परसामागूनच जातो आणि सकाळची पॅसेंजर तिथं मिनिटभर थांबायची.

"अरे वा, आता तं तुह्या शिटीवर गाडी थांबन!" ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली.

दर बाजाराच्या दिवशी ती त्या गाडीनं यायची. पावसाळ्यात फडक्यात बांधून वास्ते आणायची, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. पाणी पिण्याआधी तिचं सुरू व्हायचं. वह्यांवर धूळ किती, पोट किती सुटलं, चहात साखर किती. मी साठी ओलांडलेला माणूस, गावात लोक मला भाऊ म्हणतात आणि मान देतात. मला खडसावणारं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते त्या पॅसेंजरनं यायचं.

समितीची बैठक स्टेशनावरच्या साहेबाच्या खोलीत व्हायची. पंख्याची हवा बाहेर जाते म्हणून दार लावून घ्यायचे. आत गेलं की आधी सही करायची, ही आमची रीत. त्यात कुणाचं कपट नव्हतं. कुणाला दुकान उघडायचं असे, कुणाला आलापल्लीची बस धरायची असे, म्हणून जाताना कुणाची सही राहू नये एवढंच. इतिवृत्त बाबू मागाहून लिहायचा. ते वाचायला कुणी मागत नसे. आमच्याकडे चहा पाजणाऱ्यासमोर कागद वाचत बसणं म्हणजे त्याचा अपमान. 'वाचतो आणि मग सही करतो' म्हणणाऱ्याला लोक भांडखोर समजतात, आणि मला भांडखोर म्हणवून घ्यायचं नव्हतं. आलुबोंडे गरम असत. मी पाण्याच्या नळाविषयी, फलाटावरच्या सावलीविषयी बोलायचो आणि आपण मोठं काम केलं अशा थाटात घरी यायचो.

एक दिवस बाईचा फोन आला. "बापू, गाडी आज थांबलीच नाई रे. लोकं हात करत राह्यले, ते तशीच निघून गेली. तू पाह्य बरं काय झालं तं."

नव्या वेळापत्रकातून तिच्या गावचा थांबाच गळला होता. आता यायचं तर जंगलातून फाट्यापर्यंत चालत जायचं आणि तिथून बस धरायची. त्या वाटेवर वाघ आहे. शिवाय बाईला बस मानवत नाही, दोन वळणांत तिचा जीव घाबरा होतो. पहिल्या बाजाराला ती आली नाही, दुसऱ्यालाही नाही. भाऊबीजही फोनवरच झाली. गाडी यायच्या वेळेला मी उगाच गल्ला सोडून पायरीवर येऊन उभा राहायचो. तिची आठवण यायची हे म्हणणं अपुरं आहे. माझा दिवस तिच्याशिवाय बेवारशी वाटायचा.

मी अर्जांवर अर्ज केले. उत्तर आलं, निर्णय प्रवासी प्रतिनिधींच्या संमतीनं झाला आहे. माझं डोकं सणकलं. कोण हा दीडशहाणा? मी माहितीच्या अधिकारात बैठकांची इतिवृत्तं मागवली. पुष्कळ फेऱ्या मारल्यावर एकदाचा लिफाफा आला.

'सदर थांब्यावर प्रवासी नगण्य असल्याने गाडी न थांबविल्यास समितीची हरकत नाही. सर्वानुमते संमत.' खाली पाच सह्या होत्या. तिसरी माझी, शेपटीला चांगला झोकदार वळसा दिलेली.

त्या दिवशी हा विषय निघाला होता का, हे मी खूप आठवून पाहिलं. कुणीतरी "चालते न भाऊ?" म्हटलं होतं, आणि तोंडात घास असल्यानं मी मान हलवली होती, असं अंधुक आठवतं. कदाचित कुणी विचारलंही नसेल. मी शपथेवर काहीच सांगू शकत नाही, आणि हेच मला सगळ्यात जास्त छळतं.

पुढच्या बैठकीत मी म्हटलं, दार उघडा, मागचं इतिवृत्त मोठ्यानं वाचा आणि बाहेर लावा. शेजारचा सदस्य म्हणाला, "काऊन भाऊ, आमच्यावर भरोसा नाई काय?" थांब्याचा विषय 'विचाराधीन' म्हणून नोंदला गेला. त्यानंतर माझी नेमणूक पुन्हा झाली नाही.

मग मीच बस धरून बाईकडे गेलो. फाट्यावर चारचौघं जमेपर्यंत थांबावं लागतं. मग काठ्या आपटत, मोठ्यानं बोलत सगळे मिळून जंगलातून चालतात. बाई ओसरीवर धान पाखडत होती. माझ्याकडे पाहून तिला इतका आनंद झाला की खिशातला कागद बाहेर काढावासा वाटेना. तरी काढला.

ती चौथी शिकलेली. ओळींखाली बोट फिरवत तिनं सगळं वाचलं, आणि बोट खालच्या सह्यांपाशी थांबलं.

"हे तुही सही होय न?"

"हो बाई."

आता ती मला फैलावर घेईल असं वाटलं. तिनं घ्यावं म्हणूनच तर मी एवढं चालत आलो होतो. पण तिनं फक्त विचारलं, "कोन्त्या दिवशी झाली ही मिटिंग?"

मी सांगितलं. बाजाराचा दिवस होता. मग तिनं कागदाची नीट घडी केली आणि माझ्या हातात दिली.

"त्या दिवशी तुह्या दुकानाले कुलूप होतं. म्हून मी परत टेसनावर आली. साहेबाच्या दारापाशी बाकावर बसून होती तुही वाट पाहत. आतून तुहा आवाज येऊन राह्यला होता," ती म्हणाली. "दार उघडून पुसलं असतं तं, बापू, मी तिथीच होती."