अकरा जणांचं टेबल

लिफ्टची देखभाल करणाऱ्या त्या कंपनीत माणसं अकरा आणि आवडीनिवडी बावीस. दर तीन महिन्यांनी सगळ्यांनी मिळून बाहेर जेवायचं असा तिथला शिरस्ता होता, आणि कुठं जायचं हे ठरवायचं काम एकाच माणसाकडे होतं. पगारपत्रकावर तो वेळापत्रक कारकून. कुठल्या इमारतीतली लिफ्ट कुठल्या मेकॅनिकनं कधी तपासायची, हे तो ठरवायचा. पण ऑफिसात त्याला सगळे अन्नमंत्री म्हणत. साहेबसुद्धा.

हे खातं त्याच्याकडे आलं ते एका फसलेल्या जेवणामुळं. त्या वेळी जागा साहेबांनी निवडली होती. तिथं एकच लांबलचक टेबल, बसच्या बाकासारखं. एका टोकाला साहेब, दुसऱ्या टोकाला दोन मेकॅनिक. ते दोघं जेवले, हात धुतले आणि घरी निघून गेले. साहेबांना ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

"जेवायला गेलो होतो की परेडला?" वेळापत्रक कारकून सहज बोलून गेला.

"एवढं कळतंय तर पुढच्या वेळी तूच बघ," साहेब म्हणाले. बोलणाऱ्याचीच बोरं विकतात म्हणतात. त्याच्या बाबतीत मात्र बोलणाऱ्याच्याच गळ्यात टोपली पडली.

त्यानं ते काम मनावर घेतलं. जागा शहराच्या मध्यावर हवी, म्हणजे कुणाला दोन बस बदलाव्या लागू नयेत. फार स्वस्त नको, साहेबांचं तोंड वाकडं होतं. फार महागही नको, कारण मग टेलिफोनवर नव्यानं लागलेली मुलगी नुसतं सूप मागवते आणि पोट बरं नाही म्हणते. कुणालाही मेनू उजव्या बाजूनं, किमतींकडून, वाचावा लागू नये, हा त्याचा पहिला नियम. दुसरा नियम, जागेत गजबज हवी. बशा आदळायला हव्यात, शेजारच्या टेबलावर कुणीतरी मोठ्यानं हसायला हवं. दवाखान्यातल्यासारखं हळू बोलत जेवणं मेकॅनिक लोकांना मानवत नाही.

आणि तिसरी त्याची रीत. जेवण ज्या वारी असेल त्याच वारी, त्याच वेळेला, आठवडाभर आधी तो एकटाच तिथं जायचा आणि सगळ्यांत वाईट खुर्ची मागायचा. स्वयंपाकघराच्या दाराजवळची, किंवा टेबलाचा पाय गुडघ्यात येणारी. वेटर चक्रावायचे. "साहेब, खिडकीशी जागा आहे की." "खिडकीशी कुणीही जेवेल," तो म्हणायचा. त्याची बायको सांगायची, "आमच्या ह्यांना लग्नात हार घालायला उभं केलं, तर हे मांडवाच्या मागच्या रांगेत जाऊन बघून आले की तिथून दिसतंय का." बारा वर्षांत त्याच्या एकाही जेवणाबद्दल कुरकुर झाली नाही. रोज बंद पडणाऱ्या यंत्रांची वेळापत्रकं लावणाऱ्या माणसाच्या आयुष्यात ही एक गोष्ट न अडकता वरखाली जात होती.

मग ताईंनी यायचं बंद केलं.

ताई म्हणजे स्टोअर सांभाळणाऱ्या. पुली, बेअरिंग, तारदोर, ग्रीसचे डबे, सगळं त्यांच्या खिडकीतून बाहेर पडायचं, आणि सही केल्याशिवाय एक स्क्रूही पडायचा नाही. एका जेवणाला त्यांचे गुडघे दुखले. दुसऱ्याला बहीण आली. तिसऱ्याला बहिणीचे गुडघे दुखले. अन्नमंत्र्याला शंका आली, पण विचारायचं कसं? आणि आता महिनाअखेरीला ताई निवृत्त होणार होत्या. म्हणजे येतं जेवण त्यांच्याच निरोपाचं.

तो स्टोअरच्या खिडकीशी गेला. आत ट्यूबलाइट, पाठीमागून उन्हाचा झोत, मध्ये ताई रजिस्टर घेऊन बसलेल्या.

"ताई, कुठं जायचं ते यंदा तुम्ही सांगा."

"तुम्ही जा रे सगळे. माझ्या वाटचं जेवा."

"अहो, नवरीशिवाय लग्न लावू?"

"नवरीला नाही बोहल्यावर चढायचं. जुलूम आहे का?"

तो हलला नाही. ताईंनी रजिस्टर मिटलं.

"हे बघ मंत्र्या, तुला म्हणून सांगते. उजवा कान दोन वर्षांपूर्वीच गेला. डावा जायच्या बेतात आहे. यंत्र लावलंय, पण त्या यंत्राला माणूस आणि चमचा यांतला फरक कळत नाही. तुमच्या त्या गजबजाटात मी दोन-दोन तास नुसती मान हलवत बसते. सगळे हसले की हसते. पाण्याबाहेर बसून पोहणाऱ्यांकडे बघावं तसं. निरोपाच्या दिवशी तसं नाही बसायचं मला."

 बारा वर्षं अन्नमंत्री सगळ्यांत वाईट खुर्ची शोधत होता, आणि गेली दोन वर्षं त्या खुर्चीवर कोण बसलंय हे त्याला कळलंच नव्हतं.

"मला एक संधी द्या. तुम्हाला चालेल अशी जागा मी शोधतो. नाही सापडली तर जेवणच रद्द."

ताईंनी त्याच्याकडे बघितलं. "एक. त्यापुढे आग्रह करायचा नाही."

जेवणाला अकरा दिवस होते. तो रोज संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर निघायचा, दोन्ही कानांत कापसाचे बोळे कोंबून. एका ठिकाणी वेटर काय विचारतोय ते कळेना, तेव्हा तो त्याच्या तोंडाकडे टक लावून बसला. वेटर बिचारा लाजला. दुसऱ्या ठिकाणी त्याच्या ऑफिसातली एक बाई बाजूच्या टेबलावरून हाका मारत राहिली, आणि याचं लक्ष नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसभर बातमी, की मंत्री आता लोकांना ओळखही देत नाहीत.

"कापूस घालून सूप प्यायचं हे कुठलं नवीन पथ्य?" बायको म्हणाली. "शेवटी लोक मलाच विचारणार, वहिनी, कधीपासून हो?"

सहाव्या दिवशी त्याला हवं ते मिळालं. मोठ्या रस्त्यापासून आत एक हॉटेल. जमिनीवर जाड गालिचा, भिंतींवर मखमली पडदे, प्रत्येक टेबलावर एक मेणबत्ती. वेटर मांजरीच्या पावलांनी चालायचे. भाव किंचित चढे होते, पण उजवीकडून वाचावेत असे नव्हते. गजबज मात्र औषधालाही नव्हती. तो नियम त्यानं पहिल्यांदाच मोडला.

खात्री करायला म्हणून त्यानं ताईंना दुसऱ्या दिवशी तिथं नेलं. सोबत कर्ण्याला घेतलं. कर्णा हा सगळ्यांत जुना मेकॅनिक. त्याच्या आवाजामुळं हे नाव पडलेलं. तो तळमजल्यावर शिंकला तर सातव्या मजल्यावरचा दरवाजा उघडतो असं म्हणत. कर्ण्याला जे सोसेल ते सगळ्यांना सोसेल, असा हिशेब.

अन्नमंत्री ताईंच्या डाव्या बाजूला बसला, चांगल्या कानाशी. बारा वर्षं तो तिथंच बसत आला होता. आधी सवयीनं, आता मुद्दाम. तो सावकाश, स्पष्ट बोलला. कर्णा समोर अंधारात कुठंतरी होता.

"इथं मी खोकलो तर पोलीस येतील," कर्णा पुटपुटला.

 ताईंनी सूप संपवलं. रुमाल घडी करून ठेवला. मध्येच अन्नमंत्र्यानं काहीतरी विचारलं, त्यावर त्या "हो हो" म्हणाल्या. त्यानं विचारलं होतं, आणखी काय घेणार. तो ओशाळला आणि मेणबत्तीकडे बघत राहिला.

सूपवरच आटोपून ते बाहेर आले. मोठ्या रस्त्याला लागले तसे बसचे हॉर्न, ब्रेक, फुटपाथवरची गर्दी. चपलांच्या दुकानाची मोठी काच होती, आतल्या दिव्यांनी उजळलेली. तिथं तिघं थांबले.  तेवढ्यात एक बस दणदणत गेली, आणि त्या दणदणाटात कर्णा स्वतःशीच म्हणाला, "म्हणजे आज उपाशीच घरी जायचं."

अन्नमंत्र्याला त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही.

ताई म्हणाल्या, "उपाशी कशाला जातोस? समोर बेकरी आहे."

कर्णा चमकून त्यांच्याकडे वळला.

"ताई, तुम्हाला हे ऐकू आलं?"

"ऐकू कुठलं यायला! दिसलं." त्यांनी कर्ण्याच्या तोंडाकडे बोट केलं. "उजेडात तोंड दिसलं की मला सगळं कळतं. हे मला तरी कुठं नीट ठाऊक होतं? त्या तुझ्या भुयारात मात्र, मंत्र्या, मी बहिरी होतेच, आंधळीही झाले. आणि तू बसतोस शेजारी. मला तुझा फक्त कान दिसतो."

अन्नमंत्र्यानं कपाळावर हात मारला. लिफ्ट जिच्यातून वरखाली जाते त्या विहिरीत आवाज घुमतो, म्हणून तिथं कुणी ओरडत नाही. खालचा माणूस टॉर्च आपल्याच हातावर धरतो आणि खूण करतो, वरचा ती बघून काम करतो. नव्या मेकॅनिकला तो पहिल्या दिवशी हाच धडा द्यायचा: विहिरीत ऐकायचं नाही, बघायचं. आणि हाच शहाणा कानात कापूस घालून गावभर हिंडला होता.

"चला बेकरीत," कर्णा म्हणाला. आता तो नेहमीच्या आवाजात बोलला आणि रस्त्यापलीकडचे दोघं वळून बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी अन्नमंत्री बस डेपोसमोरच्या एका हॉटेलात गेला. फार आवाज म्हणून ही जागा त्यानं पहिल्याच दिवशी बाद केली होती. पांढऱ्या फरशा, रांगेनं ट्यूबलाइट, काचेमागं धडाडणाऱ्या शेगड्या. दात काढायच्या खोलीत असावा तसला लख्ख उजेड. गल्ल्यावर मालकीणबाई.

"संध्याकाळी दिवे मंद करता का?" त्यानं ओरडून विचारलं.

"का? प्रेमात पडायचंय?"

"नको नको. अजिबात मंद करू नका."

"मग बसा."

तिथं समारंभासाठी एक मोठी गोल फळी होती. दोन टेबलांवर ती टाकली की अकरा माणसं एका वर्तुळात बसत. त्यानं ती टाकायला लावली आणि अकराही खुर्च्यांवर एकेकदा बसून पाहिलं. मधली फुलदाणी काढायला सांगितली. एक खुर्ची खांबाआड जात होती, ती दोन वीत सरकवली. भिंतीला पाठ, दिवा समोरच्यांच्या तोंडावर, अशी एक खुर्ची ताईंसाठी नक्की केली. स्वयंपाकघराचं दार पाठीवर आदळेल ती स्वतःसाठी. मालकीणबाई हे सगळं बघत होत्या. "जेवायलाही याल ना?" त्यांनी विचारलं.

जेवणाच्या संध्याकाळी ताई आल्या; बेकरीत त्यांनी आणखी एक संधी दिली होती. नवी साडी, पण तोंडावर दवाखान्यात निघालेल्या माणसाचं हसू. बसल्या. आजूबाजूला नुसता कल्लोळ होता. कढया वाजत होत्या, डेपोतल्या ड्रायव्हरांचा घोळका खिदळत होता. अकरा माणसांनी बोलायला सुरुवात केली आणि पहिल्या दोन मिनिटांत एक गोष्ट सगळ्यांच्या ध्यानात आली: कुणालाच कुणाचं काही ऐकू येत नव्हतं. कर्णासुद्धा हरला. साहेबांनी कानाला हात लावला, हिशेबनीस "काय? काय?" करत राहिला.

ताईंनी एकदा सगळ्या वर्तुळावरून नजर फिरवली. एकेक तोंड उजेडात धुऊन ठेवल्यासारखं.

"हिशेबनीस मासा मागतायत," त्या साहेबांना म्हणाल्या. "आणि ती टेलिफोनवाली विचारतेय, भात वाढून मिळतो का. कर्ण्या, शिव्या देऊ नकोस, दिसतात मला."

टेबल हसून फुटलं. आता ज्याला त्याला ताईच हव्या होत्या. "ताई, तो काय म्हणतोय?" "ताई, त्याला सांगा, जा मर म्हणावं." ताई एका हातानं जेवत होत्या आणि दुसऱ्या हातानं वाहतूक सांभाळत होत्या. काचेमागचा आचारी मदतनीसाला काय बोलला तेही त्यांनी सांगितलं. ते इथं लिहिण्यासारखं नाही. मध्येच त्या पलीकडे वाकल्या.

"साहेब, 'कर्तव्यदक्ष' नका म्हणू. फार जड होतं."

साहेब दचकले. भाषणाची मनातल्या मनात उजळणी करताना त्यांचे ओठ हलत होते.

मग साहेब उभे राहिले आणि भाषण करायला लागले. एक शब्द कुणाला ऐकू येईना. ताईच ते एकेक वाक्य मोठ्यानं सांगू लागल्या.

"साहेब म्हणतायत, तीस वर्षांत मी सही घेतल्याशिवाय एक बोल्ट दिला नाही." टाळ्या.

"साहेब म्हणतायत, लिफ्ट चालतात त्या मेकॅनिकांमुळं, आणि मेकॅनिक चालतात ते स्टोअरमुळं." टाळ्या.

"साहेब म्हणतायत, सोमवारी सगळ्यांना सुट्टी."

असा जल्लोष झाला की ड्रायव्हरांचा घोळकाही उठून बघायला लागला. साहेबांना वाटलं, आपलं भाषण रंगलं. त्यांनीही खुशीत टाळ्या वाजवल्या. झालं, मंजुरी मिळाली. सोमवारी कुठं अडकलेल्या लिफ्टसाठी कोण जाणार, हे वेळापत्रक आता कुणालातरी लावावं लागणार होतं. पण ते नंतर.

अन्नमंत्री दाराच्या खुर्चीत बसून सगळ्यांची ताटं मोजत होता. कुणाचं काय यायचं राहिलं, कुणाला पाणी नाही. दार तिसऱ्यांदा पाठीवर आदळलं. त्यानं मान वर केली तर समोरून ताई त्याच्याकडे बघत होत्या. त्या बोलल्या, पण आवाज न करता, नुसते ओठ हलवून. मध्ये एवढा कल्लोळ, एवढी माणसं. त्यानं डोळे बारीक केले.

*जेव आता.*

त्याला दिसलं. त्यानं मान डोलावली, चमचा उचलला आणि सूप तोंडात घातलं. ते खारट होतं, चांगलंच खारट. अकरा खुर्च्या तपासताना या जागेचं सूप त्यानं चाखलंच नव्हतं. त्यानं वर बघितलं. सगळ्यांच्या वाट्या चाटूनपुसून रिकाम्या होत्या. मग तोही गुपचूप प्यायला लागला, शेवटच्या चमच्यापर्यंत.