ताई जेवत नव्हती

गोत्रीतल्या घराला रंग काढायचा होता, म्हणून ताई आठ दिवस माझ्याकडे, बडोद्यातच सुभानपुऱ्याला, राहायला आली. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, शाळेत गणित शिकवणारी. मेव्हण्यांची बदली सुरतेला झालेली, दोन्ही मुलं शिकायला बाहेर.

तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, ती जेवतच नव्हती. स्वयंपाक हौसेने करायची, सगळ्यांना आग्रहाने वाढायची आणि "करताकरता खाल्लं गं" म्हणून उठायची. बसलीच तर अर्ध्या पोळीचे तुकडे ताटात फिरवत राहायची. मग बाथरूमचं दार बंद, आत नळ चालू. एप्रिलच्या उकाड्यात पंखा लावला तरी तिला हुडहुडी भरायची.

मला काही सुचेना. नेटवर वाचलं आणि जास्तच घाबरले. आईला सांगावं, तर ती लगेच रडायला लागणार. मी नुसती तिचे घास बघत बसायची, आणि ते तिला कळत होतं.

पाचव्या दिवशी नवऱ्यासमोर, लेकीसमोर, भर जेवणात बोलून गेले, "किती वाळलीयेस ताई! आज दोन पोळ्या खाल्ल्याशिवाय उठू देणार नाही."

तिने दोन्ही पोळ्या खाल्ल्या, माझ्याकडे बघत. मग पुन्हा तो नळ. संध्याकाळी तिने बॅग भरली.

"अगं, रंग ओला असेल अजून."

"मला चालतो वास," म्हणाली आणि रिक्षात बसली.

त्यानंतर दहा-बारा दिवस फोनवर फक्त हो-नाही. मी भांडी घासताना वाक्यं जुळवायची आणि मोडायची. शेवटी एका रविवारी सकाळी तिच्याकडे गेले. सोबत खायचं काही नेलं नाही, मुद्दामच. ती गच्चीत कपडे वाळत घालत होती. मी चिमटे हातात देत राहिले.

"ताई, त्या दिवशी चुकलंच माझं. सगळ्यांसमोर बोलायला नको होतं."

"हं."

"पण मला भीती वाटते गं. जेवल्यावर तू आत जाऊन उलटी करतेस, ते मला ऐकू येतं."

"कंई नथी," ती म्हणाली. काही नाही म्हणून टाळायचं असलं की ती गुजरातीत शिरते.

मी पुन्हा न विचारता पुढचा चिमटा दिला. फार जड गेलं ते. बादलीतले कपडे संपले तरी ती तिथेच उभी होती.

"धाकट्याच्या बाळंतपणानंतर सुरू झालं," ती दोरीकडे बघत म्हणाली. "मध्ये बंद होतं. मुलं गेली आणि परत... मला थांबवता येत नाही. वर्गात पोरींना डबा संपवा म्हणून मी सांगते, आणि मी ही अशी."

"माझ्याबरोबर डॉक्टरांकडे येशील?"

"आईला सांगणार नाहीस ना?"

"नाही."

तयार व्हायला तिला तीन आठवडे लागले. अलकापुरीतल्या दवाखान्याच्या जिन्यावरून पहिल्यांदा आम्ही परत फिरलो. दुसऱ्या खेपेला ती माझ्यापुढे चढली.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. मेव्हण्यांना तिने स्वतःच सांगितलं. उपचार चालू आहेत. काही आठवडे बरे जातात, काही नाही. कधी तिचा फोन येतो, "आज नाही जमलं गं." मी "सांगितलंस ते बरं केलंस" एवढंच म्हणते, आणि फोन ठेवल्यावर उगाच घरभर फिरत राहते.