पाऊण तासाची वाट

पाऊण तास म्हणे! साहेबाचं विमान उतरावं म्हणून भामरागडबाहेरचं झुडपी रान आम्ही बायांनी आठवडाभर खपून सपाट केलं. चांद्याला निघणाऱ्याला चार दिवसांची शिदोरी द्यायची आमची रीत, म्हणून परतताना वैमानिकालाही मी भाकऱ्या बांधून दिल्या. तो हसला. "बाई, मी पाऊण तासात पोचतो," म्हणत त्याने गाठोडं परत दिलं.

"मंग माह्या लेकीले घेऊन जा ना भाऊ, तापानं फणफणून राह्यली," मी म्हटलं. पण साहेबाच्या सामानापुढे तिला जागा नव्हती.

विमान उडालं. तेच गाठोडं घेऊन, लेकीला खांद्यावर टाकून तिचा बाप चांद्याच्या दवाखान्याकडे पायी निघाला. दुसऱ्या दिवशी तो एकटाच परतला. शिदोरीची गाठ मी बांधली तशीच होती.