सुखदेवभाऊंचा थर्मोस्टॅट

सुखदेवभाऊंच्या गॅरेजात गाडी नेली की ते आधी चहाचं पातेलं शोधत. चहासाठी नव्हे. इंजिन थंड झालं की त्यातला थर्मोस्टॅट काढायचा, दोऱ्याला बांधून पाण्यात सोडायचा आणि पातेलं स्टोव्हवर चढवायचं. मग समोर दोन स्टुलं. "बसा जी मास्तर. आता पाहा." पाणी उकळायच्या जरा आधी आतलं मेण फुगे आणि पितळेचं झाकण हळूच उघडे. हा सोहळा मी किती वेळा पाहिला, देव जाणे. थर्मोस्टॅट दर वेळी ठणठणीत निघे.

पुलगावातले बाकीचे मिस्त्री तो सरळ काढून फेकत. आपल्याकडचा उन्हाळा पाहता पाणी सतत रेडिएटरमधून फिरलेलं बरं, हे त्यांचं शास्त्र. सुखदेवभाऊ चिडत. "इंजिनाले बी गरमी लागते, मास्तर. गरम होईस्तोवर हे झाकन पानी अडवते, मंग सोडते. काढून फेकलं त इंजिन थंडंच राह्यते अन् डिझेल ढोसते." बोलणं सोळा आणे खरं; पण तासभर स्टुलावर बसायला गिऱ्हाइकांना वेळ कुठला? ती कमी होत गेली. वहिनी वारल्यावर तर दुपारभर ते एकटेच असत. मग माझ्या गाडीची तपासणी दर महिन्याला होऊ लागली. कारण मला कळत होतं. मीही विधुर, कुरकुरत का होईना, बसायचो.

एका मे महिन्यात आर्वीला लग्नाला निघालो होतो आणि गाडीतला पाण्याचा पाइप गळायला लागला. तो बदलून झाल्यावर त्यांनी सवयीने पातेलं उचललं. मी वैतागलो. "काढूनच टाका हो ते. दर महिन्याची कटकट झाली आहे." त्यांनी पातेलं खाली ठेवलं. थर्मोस्टॅट काढला, पुसला, माझ्या हातात दिला. "न्या."

त्यानंतर तिकडे जायला मला तोंड राहिलं नाही. हिवाळ्यात गाडीचा तापमानाचा काटा खालीच लोळे, डिझेल वाढलं. अखेर लाज गिळून गेलो, तर शटरला कुलूप. शेजारच्या पानटपरीवाल्याने थर्मोस्टॅटखाली बसवायचं एक नवं कोरं पॅकिंग माझ्या हातावर ठेवलं. "पोरानं नागपूरले नेलं त्याईले. मास्तर आले त हे देजो म्हने."

घरी येऊन फोन लावला. चुकलो, म्हणालो. ते म्हणाले, "गाडी घेऊन या. इथं मले कोनी बोनेटले हात लावू देत नाई."

रविवारी गेलो. ते मुलाच्या सोसायटीच्या फाटकापाशी पाने-पकड घेऊन बसले होते. सकाळपासून, असं वॉचमन म्हणाला. इंजिन निवेपर्यंत आम्ही पायरीवर बसलो. मग त्यांनी मी जपून आणलेला थर्मोस्टॅट नव्या पॅकिंगसकट बसवला, पाणी भरलं, गाडी सुरू करायला सांगितली आणि माझ्या शेजारी येऊन बसले. काटा चढत चढत मध्यावर आला आणि थांबला. काम झालं होतं. मी चावीला हात घातला.

डिझेलच्या थेंबासाठी गावाशी भांडलेला तो माणूस समोर पाहत म्हणाला, "बंद नका करू जी मास्तर. अजून थोडं चालू द्या."